गेटवरचे तास

किराणा मालाची गाडी वजनाने भरत नाही, जागेने भरते. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून निघालेला ट्रेलर पाहा. वर चार कॉइल दिसतात, बाकी फळी मोकळी, तरी पाटे दबलेले असतात. माझ्या बत्तीस फुटी कंटेनरचं उलट आहे. वेफर्स, डायपर, टिश्यू पेपर आणि शेवयांनी तो छतापर्यंत ठासून भरला तरी काट्यावर आकडा किरकोळच येतो. म्हणून मॉल-सुपरमार्केटचा माल भरणं हे निराळं कसब आहे. तेलाचे डबे, साखर, आटा, साबण खाली, आणि तेही सगळं मागे ढकलून चालत नाही, वजन पुढच्या-मागच्या चाकांवर वाटून बसलं पाहिजे. हलका माल वर. एका फेरीत तीन दुकानं असतील तर शेवटच्या दुकानाचा माल सगळ्यात आधी, केबिनच्या बाजूला आत. हा क्रम चुकला तर पहिल्या दुकानाच्या दारात अर्धी गाडी उतरवून पुन्हा भरायची पाळी येते. भरणारे हमाल असतात, पण ड्रायव्हरने खाली उभं राहून बघायचं असतं, कारण घाटात वळणावर माल कलंडला तर तो ड्रायव्हरच्याच पाठीशी असतो.

मी राहतो कामोठ्यात आणि चालवतो ती गाडी तळोजा, तुर्भे, पनवेल, कधी भिवंडीच्या गोदामांतून माल उचलते. तो पोचवायचा पुणे, सातारा, कोल्हापूर, सांगली, नाशिक या पट्ट्यात. आमच्यात लोकलवाले रोज रात्री घरी जातात, लाईनवाले महिनाभर दिल्ली-कोलकात्याच्या रस्त्यावर असतात, आणि आम्ही या दोघांच्या मधले. दोन-तीन दिवसांनी घरची भाकरी मिळते. बायको म्हणते, तुमची वाट पाहायची सवय तरी लागली असती, पण तुम्ही येताही आणि नसताही. तिचं खरं आहे.

नवी मुंबईत हा धंदा एवढा का वाढला, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. नवी मुंबई वसवायला 1970 मध्ये सिडको झाली, तेव्हा मुंबईच्या पोटातले घाऊक बाजार खाडीपलीकडे हलवायचे हा बेत होता. ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकांत कांदा-बटाटा, धान्य, मसाला, फळं, भाजी असे बाजार एकेक करून वाशीला आले. 1989 मध्ये न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं. 2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि त्याचं मुंबईकडचं टोक कळंबोलीला लागलं. बंदर, बाजार आणि घाटाचा रस्ता अशा तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आल्यावर गोदामं येणारच होती. भिवंडीची गोष्ट थोडी वेगळी. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर स्वस्त जमीन मिळत होती, म्हणून माणकोली, दापोडे, काल्हेर, पूर्णा या गावांच्या शेतांत पत्र्याची गोदामं उभी राहिली. आज देशातला सुमारे 70 टक्के माल रस्त्यानेच जातो. त्यातला तुमच्या दुकानातला बिस्किटाचा पुडा या पट्ट्यातल्या कुठल्यातरी गोदामातून माझ्यासारख्याच्या गाडीतून आलेला असण्याची शक्यता मोठी आहे.

गाडी भरली की दरवाजाला सील लागतं. सीलवर नंबर असतो, तोच बिल्टीवर लिहितात. दुकानाच्या माणसाने नंबर ताडून पाहिल्याशिवाय ते कापायचं नाही. वाटेत कोणी दार उघडायला लावलं तरी ड्रायव्हरने एकट्याने उघडू नये, एवढं मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो. सोबत बिलं आणि ई-वे बिल. राज्याबाहेर 50 हजारांच्या वर आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर माल असेल तर ते लागतंच. त्यात गाडीचा नंबर भरलेला असतो. दर 200 किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत. तुर्भ्याहून कोल्हापूर साडेतीनशेच्या पुढे भरतं, म्हणजे दोन दिवस. मुदत संपायच्या आधी आठ तास आणि संपल्यावर आठ तास, एवढ्याच वेळात ती वाढवून घेता येते. ती चुकली आणि रस्त्यात तपासणी झाली तर गाडी अडकते.

या कागदाला स्वतःचं घड्याळ आहे, हे मला फार वर्षांनी नीट दिसलं. माल किती वाजता निघाला, कधी पोचायला हवा, सगळं त्यावर मोजलेलं. ड्रायव्हर मात्र त्याआधी गेटवर किती वेळ उभा होता आणि पोचल्यावर पुन्हा किती वेळ उभा राहिला, हे त्या कागदावर कुठेच नाही.

आमचं निम्मं काम वाट पाहणं आहे. लोकांना वाटतं ड्रायव्हर दमतो तो स्टिअरिंगवर. स्टिअरिंगवर मी कधी दमत नाही असं म्हणणार नाही, पण खरा दम काढतं ते गेट. गोदामातून दुपारी फोन येतो, गाडी लावा. लावली की टोकन. पुढे पंधरा-वीस गाड्या. डॉक रिकामा व्हायला, मग माल निघायला, मग बिलं व्हायला, मग सही व्हायला रात्र होते. या वेळात झोपता येत नाही, कारण रांग हळूहळू पुढे सरकते आणि नंबर पुकारला तेव्हा तुम्ही जागेवर नसाल तर मागची गाडी आत जाते. पूर्वी क्लिनर असायचा. एक झोपायचा, एक जागा राहायचा. आता या प्रकारच्या बहुतेक गाड्यांवर ड्रायव्हर एकटाच असतो, मालकाला दुसऱ्याचा पगार परवडत नाही.

उन्हाळ्यात तळोज्याच्या रांगेत पत्र्याच्या केबिनमध्ये बसणं काय असतं, ते बसल्याशिवाय कळत नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या नव्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, हे सरकारने चांगलं केलं आणि मी त्याचं मनापासून स्वागत करतो. पण एसी इंजिन चालू असताना चालतो. आमचं डिझेल मोजून मिळतं, गाडीचा ॲव्हरेज दर फेरीला तपासतात. बत्तीस फुटी गाडी लिटरला पाच-सहा किलोमीटर देते, त्यात तासन्‌तास उभ्या गाडीवर एसी चालवला तर फरक लगेच दिसतो. म्हणजे नव्या गाडीतही गेटवर एसी बंदच राहणार, जोपर्यंत त्या तासांचं डिझेल कोणाच्या तरी हिशेबात धरलं जात नाही.

शौचालयाचं तर बोलायलाच नको असं लोक म्हणतात, मी बोलणार. एका मोठ्या गोदामात मी रात्री उतरून विचारलं तर सुरक्षारक्षकाने सांगितलं की आतलं शौचालय कर्मचाऱ्यांसाठी आहे, ड्रायव्हरने बाहेर बघावं. बाहेर म्हणजे नाल्याच्या कडेला. लाखोंचा माल ज्याच्या हातात दिला त्याला दहा पावलं आत येऊ द्यायचं नाही, हे मला आजही समजत नाही. सगळीकडे असं नाही. काही ठिकाणी ड्रायव्हरांसाठी पंखा लावलेली खोली, पाणी, आंघोळीची सोय आहे, आणि तिथे माल नेताना आम्ही आपसांत गाड्या बदलून घेतो. सरकारी तेल कंपन्यांनी पंपांवर ‘अपना घर’ नावाची मुक्कामाची जागा सुरू केली आहे, तिथे कमी पैशांत पलंग मिळतो. चांगली सोय आहे. पण ती महामार्गावर आहे, आणि आमचा वेळ जातो गेटवर.

रात्री एकला गाडी भरून निघते. पुण्याच्या दुकानाला माल हवा असतो सकाळी दार उघडायच्या आत, कारण गिऱ्हाईक आल्यावर ट्रॉल्या आणि पॅलेट एकाच वाटेने फिरू शकत नाहीत. शिवाय शहरात अवजड गाड्यांना सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत बंदी असते. वेळ हुकली की शहराबाहेर थांबून राहा. दुकान एखाद्या सोसायटीच्या तळमजल्यावर असलं तर रहिवाशांची तक्रार असते की पहाटे रिव्हर्सच्या आवाजाने झोपमोड होते. त्यांचीही चूक नाही. बत्तीस फुटी गाडी अशा गल्लीत वळतच नाही, मग शहराबाहेर माल एकोणीस फुटी किंवा चौदा फुटी गाडीत उतरवतात. हल्ली काही मिनिटांत घरपोच देणाऱ्यांची छोटी गोदामं वस्त्यांमध्ये आली आहेत, त्यांना रात्रीतून दोन-दोनदा माल लागतो. ते काम बहुतेक लोकलवाले करतात, आणि त्यांची झोप आमच्याहून जास्त तुटते असं मला वाटतं.

भिवंडीहून निघालो असेल तर आधी मुंब्रा बायपास आणि शिळफाटा पार करायचा. तिथल्या कोंडीबद्दल ठाणे-नवी मुंबईच्या माणसाला मी वेगळं काय सांगणार. मग कळंबोली, मग खालापूरचा टोल, मग घाट.

घाट चढताना भरलेली गाडी डाव्या लेनमध्ये, लहान गियरवर, शांतपणे चढवायची. धोका चढताना कमी आणि उतरताना जास्त. परतीला गाडी रिकामी असते असं लोक समजतात, पण मालक रिकामी आणत नाही. चाकण, रांजणगावकडून काहीतरी भरूनच येते. माझ्या उस्तादाने पहिल्याच फेरीला सांगितलं होतं, ज्या गियरने चढलास त्याच गियरने उतर. यात सगळं शास्त्र आलं. लहान गियरवर इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं, ब्रेक नुसता अधूनमधून लावायचा. न्यूट्रल केली की ती ओढ जाते. मग सारखा ब्रेकवर पाय, ड्रम तापतात, लायनिंग जळकट वास मारायला लागते आणि पकड सुटते. ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. न्यूट्रलमध्ये इंजिन मंद फिरतं, म्हणजे सारखा ब्रेक दाबून हवा खर्च होते तेवढी भरूनही येत नाही. न्यूट्रलमध्ये डिझेलचे चार पैसे वाचतात असं समजून काही पोरं ते करतात. जुलै 2025 मध्ये खोपोलीजवळ आडोशी बोगद्यापाशी एक कंटेनर आवरेनासा होऊन पंधरा-वीस गाड्यांवर गेला आणि एका बाईचा जीव गेला. त्या गाडीत नेमकं काय झालं ते तपासणाऱ्यांनी सांगावं. मी फक्त एवढंच सांगतो की घाट उतरताना गियर वेळेत पाडायला डोकं जागं लागतं, आणि रात्रभर गेटवर काढलेल्या माणसाचं डोकं जागं नसतं.

सेव्हलाइफ फाउंडेशनने देशातल्या दहा शहरांतल्या बाराशेहून जास्त ट्रकचालकांशी बोलून 2020 मध्ये एक अहवाल काढला होता. त्यात सुमारे निम्म्या चालकांनी कबूल केलं की थकलेले किंवा झोप आलेली असतानाही ते गाडी चालवतात. मला तो आकडा कमीच वाटला, पण त्यांनी विचारलं तरी, हे महत्त्वाचं. अपघात झाला की पंचनाम्यात टायर, ब्रेक, वेग, दारू सगळं येतं. आदल्या दिवशी गोदामात किती वाजता गाडी लागली आणि किती वाजता सुटली हे कोणी लिहीत नाही. 1 जानेवारी 2024 ला नव्या भारतीय न्याय संहितेतल्या कलम 106(2) विरुद्ध ट्रकवाले रस्त्यावर उतरले, उरणच्या जेएनपीटी रस्त्यावरही. बेदरकारपणे गाडी चालवून कोणाचा जीव घेतला आणि न कळवता पळाला, तर चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असं ते कलम. सरकारने ते स्थगित ठेवलं आणि 1 जुलै 2024 ला संहिता त्या कलमाशिवायच लागू झाली. आंदोलनाच्या दिवशी पोलिसांवर हात उचलला गेला, ते वाईट झालं. जखमी माणसाला टाकून पळणंही वाईटच. पण जमावाच्या भीतीने पळणारा ड्रायव्हर आणि झोपेअभावी धडकणारा ड्रायव्हर या दोघांची गोष्ट धडकेच्या क्षणाच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते, हे त्या सगळ्या वादात कोणी बोललं नाही.

ड्रायव्हरच्या तासांचा कायदा नव्हता असं नाही. मोटार वाहतूक कामगार कायदा 1961 चा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला 48, आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये किमान अर्धा तास विसावा. एका वकील मित्राने मला त्यातली कामाच्या तासांची व्याख्या वाचून दाखवली. गाडी चालवण्याचा वेळ धरला होता, जोडकामाचा धरला होता, आणि टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा वेळही धरला होता, पण पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तेवढाच. मी त्याला पुन्हा वाचायला लावलं. पंधरा मिनिटांहून कमी थांबलो तर काम, आठ तास थांबलो तर त्याचं नावही नाही. बसच्या डेपोचा विचार करून कोणीतरी ते लिहिलं असावं. नोव्हेंबर 2025 मध्ये हा कायदा नव्या कामगार संहितेत गेला. आता तरी गोदामाच्या गेटचा विचार व्हायला हवा.

या जागी मला माझे आबा आठवतात. आम्ही पाटण तालुक्यातले. आबा मशीद बंदरला पाठीवर गोणी वाहायचे आणि बाजार हलला तसे वाशीला आले. माथाडी. त्यांच्या आधीच्या पिढीला काम मिळेल तेव्हा दाम, दुखलं-खुपलं तर घरी. आमच्याच तालुक्याच्या अण्णासाहेब पाटलांनी ही माणसं एकत्र केली आणि 1969 मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्यात एक साधी युक्ती आहे. हमालाचा एक मालक नसतो, आज या गाळ्यावर, उद्या त्या. म्हणून कायद्याने मंडळ नेमलं. ज्याने काम करून घेतलं त्याने मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, भरपगारी रजा. आबांना म्हातारपणी जे काही मिळालं ते त्यामुळे. कोपरखैरण्यातलं आमचं पहिलं घर त्यामुळे.

ड्रायव्हरची अडचण तशीच आहे. पगार देतो गाडीमालक, वेळ खातं गोदाम आणि दुकान. मालक गोदामवाल्याला बोलू शकत नाही, कारण उद्याचं भाडं त्याच्याकडूनच मिळणार. करारात हॉल्टिंगचा दर असतो, म्हणजे गाडी ठरल्यापेक्षा जास्त थांबली तर दिवसाला इतके रुपये. तो मिळवायला गेटवरची नोंद लागते, आणि एका ठिकाणी माझ्या कागदावर आत येण्याची वेळ लिहायलाच नकार दिला होता. मिळाला तरी तो मालकाच्या खात्यात जातो, ड्रायव्हरला भत्ता फेरीचाच. वाराईचंही असंच. माल उतरवायची हमाली ड्रायव्हरच्या खिशातून मागतात. वाहतूकदारांची जुनी मागणी आहे, ज्याचा माल त्याचा हमाल. मी त्यात भर घालतो, ज्याचं गेट त्याचे तास.

हे अशक्य आहे असं मला कोणी सांगू नये. नवी मुंबईतून मुंबईत शिरताना मानखुर्दच्या जकात नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागायच्या, माझी उमेदीची वर्षं त्या रांगेत गेली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली, रांग संपली. 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला आणि टोलवर सुट्ट्या पैशांसाठी उभं राहणं संपलं. सरकारला नाक्यांवर ट्रक थांबलेला परवडत नव्हता, म्हणून त्याने उपाय काढला. गोदामाच्या गेटवर थांबलेला ट्रक आज सगळ्यांना परवडतो, कारण त्याचं बिल माझ्या झोपेतून जातं.

दिवाळीच्या आधीचे पाच-सहा आठवडे सगळ्यात कठीण. तेल, मैदा, रवा, सुका मेवा, रोषणाई, सगळं एकदम हलतं. गणपतीत कोकणच्या महामार्गावर अवजड गाड्यांना बंदी, लांब सुट्ट्यांना द्रुतगती मार्गावर काही तास बंदी. ती बरोबरच आहे, माणसं आधी गावी पोचली पाहिजेत. पण बंदी उठली की सगळ्या गाड्या एकदम सुटतात आणि गेटवरच्या रांगा दुप्पट होतात.

माझा पुतण्या यंदा वीस वर्षांचा झाला. मालवाहू गाडीचं लायसन्स त्या वयाला मिळू शकतं, आणि आठवी पासची अटही 2019 मध्ये गेली. त्या सेव्हलाइफच्या अहवालात 84 टक्के चालकांनी म्हटलं होतं की आपल्या नात्यातल्या कोणाला या धंद्यात यायला सांगणार नाही. मी त्या 84 मध्ये नाही. मला हे काम आवडतं. पहाटे खंबाटकी उतरून वाईच्या बाजूला उजाडताना पाहिलं की आवडतं, आणि सील न तुटता माल पोचला की अभिमान वाटतो. त्याने विचारलं, “काका, येऊ का?” मी म्हटलं, ये, पण मालकाला पगार विचारायच्या आधी चार गोष्टी विचार. पीएफ कापतोस का आणि भरतोस का. अपघाताचा विमा माझ्या नावाने आहे का. हॉल्टिंग आलं तर त्यात माझा वाटा किती. आणि गाडी रात्री एकला भरून निघाली आणि मी फोन करून सांगितलं की मला तीन तास झोपायचं आहे, तर तू काय म्हणशील. चौथ्याचं उत्तर तो काय देतो ते मला येऊन सांग. मग मी सांगतो त्याच्याकडे लागायचं की नाही.